पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका आतून पाहताना: कोलँजिओस्कोपीची पद्धत

ईआरसीपीमध्ये (तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेत रंगद्रव्य सोडून करायची तपासणी) पित्तनलिका दिसते ती क्ष-किरणांच्या पडद्यावर, रंगद्रव्याने भरलेल्या सावलीसारखी. नलिका कोठे अरुंद झाली आहे हे तेथे कळते, पण ती कर्करोगाने अरुंद झाली की जुन्या सुजेने, याचा उलगडा सावलीवरून होत नाही. अशा वेळी ड्युओडिनोस्कोपच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेलेल्या त्या दुर्बिणीच्या) वाहिनीतून सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीची दुसरी दुर्बीण थेट नलिकेत नेऊन अस्तर पाहता येते; हीच कोलँजिओस्कोपी. 2015 मध्ये डिजिटल प्रतिमा देणारी, एकट्या डॉक्टरला हाताळता येणारी दुर्बीण आल्यापासून हे तंत्र बरेच सुकर झाले आहे.

तरीही तिचा वापर मोजकाच असावा. पित्तनलिकेतील बहुतेक खडे ईआरसीपीतच बलून (फुगा) किंवा बास्केटने (तारांची जाळी) निघतात. त्यांच्यासाठी ही दुर्बीण वापरणे अनाठायी आहे. मोठे किंवा रुतून बसलेले खडे आणि ब्रशने पेशी खरवडून केलेल्या तपासणीने निदान न झालेला अरुंद भाग, ही तिची खरी क्षेत्रे. निदानाची शंका असल्यास स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) टाकण्यापूर्वीच आत पाहणे श्रेयस्कर, कारण स्टेंटच्या घर्षणाने अस्तर लालसर व खडबडीत होते आणि चांगली नजरही फसते.

एमआरसीपी (पित्त व स्वादुपिंडनलिकांचे एमआरआय चित्रण) आधीच करून घ्यावी, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा निर्णय आधीच घ्यावा आणि प्रतिजैविकाचा डोस प्रक्रियेपूर्वी द्यावा. आत सोडलेले सलाईन जठरात साचून श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून लांबणाऱ्या प्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घालून भूल देणे अधिक सुरक्षित. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका कमी करण्यासाठी, मनाई नसल्यास, 100 मिलिग्रॅम इंडोमेथासिन गुदमार्गे दिले जाते.

नलिकेचे तोंड पुरेसे कापून झाल्यावर दुर्बीण गाईडवायरवरून (वाट दाखवणाऱ्या बारीक तारेवरून) हळूहळू वर सरकवावी, आणि पाहणी मुख्यतः ती मागे घेताना करावी. रंगद्रव्य आधीच भरपूर सोडले तर दृश्य गढूळ होते. सलाईन बेताने सोडावे आणि तितकेच शोषून घ्यावे. नलिकेतील दाब वाढला की जंतू रक्तात शिरतात, आणि प्रक्रियेनंतर येणाऱ्या तापाचे हे एक मोठे कारण आहे.

अस्तरावर फुगलेल्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, गाठी किंवा बोटांसारखे उंचवटे दिसले तर कर्करोगाचा संशय बळावतो. त्याच जागेवरून, डोळ्यांसमोर, बारीक चिमट्याने किमान सहा तुकडे घ्यावेत. ते इतके लहान असतात की एकदोन तुकड्यांवर पॅथॉलॉजिस्टला मत देणे अवघड जाते. अहवाल निर्दोष आला तरी दृश्य संशयास्पद असेल तर तपासणी तेथे थांबवू नये.

खडा फोडताना इलेक्ट्रोहायड्रॉलिक प्रोबचे (द्रवात विद्युत ठिणगी सोडून खडा फोडणाऱ्या बारीक तारेचे) टोक दुर्बिणीच्या पुढे स्पष्ट दिसेल इतके बाहेर काढावे, खड्यापासून एकदोन मिलिमीटरवर धरावे आणि नलिका सलाईनने भरलेली असतानाच ठिणगी सोडावी. टोक भिंतीकडे वळलेले असेल तर पाय पेडलवरून उचलावा. भिंतीला भोक पडू शकते. प्रत्येक स्फोटानंतर भुग्याचा ढग उठतो, तो निवळेपर्यंत थांबावे, घाईत पुढचा मारा करू नये. खडे फोडणाऱ्या होल्मियम लेसरलाही हीच शिस्त लागू पडते.

स्वादुपिंडनलिका मुळात बारीक असल्याने ती फुगलेली असेल तरच आत शिरावे. जुनाट सुजेतील खडे फोडणे आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या आयपीएमएन या गाठीचा विस्तार शस्त्रक्रियेपूर्वी ठरवणे, एवढ्यासाठीच ही तपासणी राखून ठेवावी.

प्रक्रियेनंतर रुग्णावर पोटदुखी, ताप आणि रक्तस्राव यांसाठी लक्ष ठेवावे. स्टेंट ठेवला असल्यास तो काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहावी; विसरलेला स्टेंट तुंबतो आणि रुग्ण पुन्हा कावीळ व थंडीताप घेऊन येतो.