आधी सर्किट, मग लाईट : जुनी टेस्टिंगची मीटरं दुरुस्त करताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी हा फोन येतोच. "काका, कॉलेजच्या लिलावात वाल्वचा सिग्नल जनरेटर घेतला. लाईट दिली तर धूर निघाला. आता काय करू?"

आता काय करणार? खिडकी उघड.

चाळीस वर्षं लॅबच्या कपाटावर धूळ खात पडलेलं, रेडिओ तपासायला सिग्नल देणारं काचेच्या वाल्वचं यंत्र घरी आणून दहा मिनिटांत प्लगमध्ये खुपसायची एवढी घाई कसली असते, हे लातूरच्या गंजगोलाईजवळ इतकी वर्षं दुकान चालवून मला कळलेलं नाही. रेडिओ बिघडला तर खरखरतो, नाहीतर गप्प बसतो. टेस्टिंगचं मीटर बिघडलं तरी काटा हलतच राहतो, आणि त्या काट्यावर विसंबून तुम्ही पुढचे पाच रेडिओ खोलून ठेवता.

लाईट देऊन 'बघणे'

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर खराब होतो. काही तर पार सुकून जातात. त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की जवळजवळ शॉर्टच. आधी एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर जातो, मग ट्रान्सफॉर्मर. कंडेन्सर कुठल्याही दुकानात मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार?

उदगीरच्या एका पोराने तर कंडेन्सरला संधीच दिली नाही. त्याच्या जनरेटरच्या पाठीमागे व्होल्टेज सिलेक्टरची छोटी चकती होती आणि ती ११० वर होती. पाठ फिरवून बघायची तसदी घेतली असती तर दिसलं असतं. विचारलं तर म्हणतो, "काका, प्लग बसला की. म्हणलं २३० चंच असंल." जळका ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडे नेला तर त्याने पहिलाच प्रश्न केला, सेकंडरी किती व्होल्टची? सर्किटचा नकाशा नाही, पाटी नाही. शेवटी वाल्वचे नंबर कामाला आले. रेक्टिफायर ईझेड ८०, बाकीचे ईसीसी ८२ वगैरे. युरोपियन नंबरात पहिलं अक्षर ई असलं की फिलामेंट ६.३ व्होल्टचं, म्हणजे एक वाइंडिंग कळलं. एचटीचं, म्हणजे वाल्वला लागणाऱ्या जास्त व्होल्टेजचं, कळायला जळक्या तारेचे वेढे मोजले. दोन दिवस. मजुरी किती घेतली ते विचारू नका, कमीच घेतली.

माझी पद्धत जुनी आहे. आधी सिलेक्टर बघायचा. मग प्लग न लावता साध्या मीटरने एचटी लाईन चॅसीशी, म्हणजे धातूच्या सांगाड्याशी, शॉर्ट आहे का ते तपासायचं, आणि इलेक्ट्रोलिटिक सरळ नवे घालायचे. रेक्टिफायर वाल्व काढून ठेवायचा आणि सिरीज बोर्डवर, म्हणजे लाईनमध्ये बल्ब घालून, लाईट द्यायची. बोर्डात बल्ब साठ वॅटचा, तारेचा, पिवळा. एलईडी लावून "बल्ब पेटला नाही काका" म्हणणारेही भेटलेत. ट्रान्सफॉर्मर एकटा असताना बल्ब नुसता लाल तांबूस राहिला तर ट्रान्सफॉर्मर शाबूत. मग रेक्टिफायर बसवून पुन्हा तेच. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर ताबडतोब बंद.

डिमरस्टॅटवाले म्हणतात, व्होल्टेज हळूहळू वाढवलं की झालं. वाल्वचा रेक्टिफायर खालच्या व्होल्टेजला नीट तापतच नाही. कंडेन्सरला बराच वेळ काही मिळत नाही, मग अचानक मिळतं. चैन म्हणून डिमरस्टॅट जरूर ठेवा. सिरीज बोर्डाला पर्याय म्हणून नको.

आणि आपल्याकडची लाईट लक्षात घ्या. रात्री शेतीपंप बंद झाले की २५० च्या वर गेलेलं व्होल्टेज मी स्वतः मोजलंय. सिलेक्टरवर २४५ ची खूण असेल तर मी तिथेच ठेवतो. काटा जरा कमी दाखवेल, दाखवू दे. तो भाग कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे काटा जुळवताना, सांभाळता येतो.

सर्किट न बघता पॉट फिरवणे

पॉट म्हणजे काटा जुळवायचा फिरवता रेझिस्टर. ही चूक माझी स्वतःची.

एका कॉलेजातून हीथकिटचा व्ही-७ए आला होता, वाल्वचा व्होल्टमीटर. अमेरिकन, ११७ व्होल्टचा, म्हणून स्टेपडाउन लावून चालवला. प्रोबची वायर उंदरांनी खाल्लेली, ती आधीच कुणीतरी फेकून दिली होती. मी साधी लाल-काळी वायर लावली. कंडेन्सर बदलले, काटा छान उठला. फक्त नवा सेल १.७ दाखवायचा. प्रत्येक रेंजवर असाच दहा टक्के जास्त. वाल्व बदलून पाहिला, रेझिस्टर मोजले, सगळे बरोबर. कंटाळून आतला डीसी कॅलिब्रेशनचा पॉट फिरवला आणि काटा जागेवर आणला. झालं काम, असं वाटलं.

पुढे महिनाभर जो रेडिओ येईल त्याचा ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडायला लागणारी लहर बनवणारा भाग, मेलेला. त्याच्या वाल्वच्या ग्रिडच्या पिनेवर वायर टेकवली की स्टेशन गायब. दोन रेडिओंच्या कॉइल मी विनाकारण काढल्या. तिसऱ्या गिऱ्हाइकाने मात्र समोर उभं राहून सांगितलं, "घरी तर वाजत होता की हो." मग उठलो आणि सर्किट शोधून काढलं. कोपऱ्यात तुटक रेषांचा एक छोटा चौकोन होता, त्यात एक मेगओहमचा रेझिस्टर. तो मीटरमध्ये नसतोच, डीसी प्रोबच्या दांडीत असतो. आतले दहा आणि दांडीतला एक मिळून अकरा मेगओहम, आणि अकरावर मीटर लावलेलं. दांडीच नाही म्हणून दहा टक्के जास्त. शिवाय तो रेझिस्टर वायरची कपॅसिटी ग्रिडपासून दूर ठेवतो. तो नसल्यामुळे वायर टेकवताच चालता ऑसिलेटर मी स्वतःच्या हाताने बंद पाडत होतो.

बॉलपेनच्या रिकाम्या नळीत एक मेगओहम बसवला, शील्डेड वायर जोडली, पॉट परत फिरवला. वीस मिनिटांचं काम. तेव्हापासून सर्किट हातात नसेल तर कॅलिब्रेशनच्या कुठल्याच पॉटला मी हात लावत नाही.

सर्किट मिळत नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी झाकण उलटून बघितलेलं नसतं. कॅबिनेटच्या आत, झाकणाला, चॅसीखाली कागद चिकटवलेला असतो, आणि साफसफाईत पहिला तोच पाण्याने पुसला जातो. समोरची पाटी बघून शोधत असाल तर ती डीलरची नाही ना, एवढं पाहा. स्क्रू काढले की कधी कधी खाली मूळ कंपनीचं नाव निघतं. मार्क (मॉडेलची आवृत्ती), सिरीज, सिरियल नंबर टिपून घ्या. मार्क २ चं सर्किट घेऊन मार्क १ मधला चांगला रेझिस्टर 'चुकीचा' म्हणून काढणारे मी पाहिलेत. नेटवर जुन्या मॅन्युअलांची बामा ही साइट आहे, रेडिओम्युझियम आहे. लष्करी माल असेल तर अमेरिकन लष्कराची टीएम, म्हणजे टेक्निकल मॅन्युअलं मिळतात. आयटीआयच्या निवृत्त निदेशकांच्या घरी ट्रंका असतात. त्यांच्याकडे जाऊन, चहा घेऊन, नीट मागा.

काहीच नाही मिळालं तर पोराच्या ड्रॉइंगच्या वहीत हाताने ट्रेस करा. दोन संध्याकाळी जातात. ज्याला दोन संध्याकाळी काढता येत नाहीत, त्याने नवं डिजिटल मीटर घ्यावं.

दुसऱ्या महायुद्धातला बीसी-२२१ फ्रिक्वेन्सी मीटर सापडला तर आधी त्याचं कॅलिब्रेशन बुक बघा. प्रत्येक नगाचं बुक वेगळं, सिरियल नंबर जुळलाच पाहिजे. बुक नसेल तर भावात घासाघीस करा.

बाकीचं थोडक्यात. मेणाचे कागदी कंडेन्सर न मोजता बदला, पण एका वेळी एकच, आणि आधी फोटो काढून. सिल्व्हर मायका कंडेन्सरला उगीच हात लावू नका. जुळणीचे ट्रिमर आणि कॉइलमधले कोअर 'सैल वाटले' म्हणून आवळू नका. बँड स्विचवर गंजाचा स्प्रे मारू नका, स्विचची चकती, म्हणजे वेफर, तेल पितो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कागदाची पट्टी पुरते. सेलेनियम रेक्टिफायर काढून डायोड लावलात तर सिरीजमध्ये रेझिस्टरही लावा, नाहीतर एचटी वाढते.

एव्हो ८ या मल्टिमीटरचा काटा अर्ध्यावर अडकतो, तेव्हा बहुतेक वेळा मॅग्नेटच्या फटीत लोखंडाचा कीस असतो. माझ्या शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे, म्हणून मी मूव्हमेंट, म्हणजे काट्याची यंत्रणा, घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर, वर्तमानपत्र अंथरून उघडतो. चिकटपट्टीची बारीक चिमटी करून कीस उचलायचा, फुंकायचं नाही. बायको ओट्यावरून बोलते, ते ऐकून घ्यायचं.

त्याच एव्होची १५ व्होल्टची बॅटरी आता सहज मिळत नाही. तीन व्होल्टचे पाच बटण सेल एकावर एक ठेवले की भागतं. मीटर कपाटात ठेवण्याआधी मात्र सगळे सेल काढा. मागच्या आठवड्यात आलेल्या मीटरचा बॅटरीचा कप्पा नखाने खरवडला तर हिरवा भुगा हातात आला.