तीन झोके थांबा

माझ्या अभ्यासाच्या खोलीत एक लंबकाचं घड्याळ वाकडं टांगलेलं आहे. उजवीकडे बोटभर झुकलेलं. ते तसंच राहू द्यायचं असतं, का ते पुढे येईल. हे लिहितेय ते मात्र घड्याळवाल्यांसाठी नाही. नुकतीच प्राध्यापकी मिळालेली आणि पहिल्या तासाच्या आदल्या रात्री टिपणांचा गठ्ठा उशाशी घेऊन जागी असलेली जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या पहिल्या तासाला मी चाळीस पानांची टिपणं घेऊन गेले होते आणि ती बावीस मिनिटांत संपली. घाबरलेला माणूस किती भराभर बोलतो याचा मला अंदाजच नव्हता. उरलेला वेळ समोर आ वासून उभा. मग मी तो जगप्रसिद्ध प्रश्न विचारला, "काही शंका?" वर्गात साठ जण होते, शंका एकालाही नव्हती. मीही सुटकेचा निःश्वास टाकून फळा पुसायला लागले आणि उरलेली मिनिटं अत्यंत मन लावून तो फळा पुसला.

"काही शंका?" हा प्रश्न नाहीच मुळी. तास संपल्याची ती घंटा आहे, आणि मुलं ती बरोबर ओळखतात. त्यापेक्षा "लंबकाची लांबी चौपट केली तर आवर्तकालाचं, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचं, काय होईल?" असं काहीतरी विचारा, ज्याला उत्तर असतं आणि जे चुकूही शकतं. आणि विचारल्यावर गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गातल्या संवादांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असं तिला आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, एरवी मागे राहणारीही बोलतात. तीन सेकंद! वाचताना काहीच वाटत नाही. साठ चेहऱ्यांसमोर उभं राहून बघा, तेवढ्यात माणसाला आपल्या सगळ्या चुका आठवतात.

मला ते तीन सेकंद घड्याळाने शिकवले. साधारण एक मीटर लांबीचा लंबक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेतो (नेमकं सांगायचं तर लांबी 99.4 सेंटिमीटरच्या आसपास, पण नेमकेपणाची ही खोड मला घरीही नडते). असा एक लंबक मी रोज रात्री डोळ्यांसमोर हलताना बघते. त्यामुळे वर्गात प्रश्न विचारला की मी मनात तोच हलवते. गेला, आला, गेला. तिसऱ्या झोक्याला कोणीतरी हलतं, खाकरतं, वही उलटवतं. उत्तर बहुतेक तिथूनच येतं.

जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नाद मला नोकरीच्या सहाव्या वर्षी लागला. कारण अगदी क्षुल्लक होतं. शिकवण्याच्या कामात संध्याकाळी हातात काही दिसत नाही. सुतार निदान स्टूल दाखवतो. आपण काय दाखवणार? चार तास बोललो आणि समोरच्यांच्या डोक्यात काहीतरी झालं असावं, एवढंच. तेव्हा एक बंद पडलेलं घड्याळ उघडलं, वाळून डिंकासारखं झालेलं तेल पुसलं, चाकांच्या आसांना टाचणीच्या टोकावर मावेल एवढं नवं तेल दिलं आणि ते चालू झालं. मी तासभर नुसती त्याच्याकडे बघत बसले होते. (चाकांच्या दात्यांना तेल द्यायचं नसतं, तिथे धूळ चिकटते. हे मला दुसऱ्या घड्याळाचे हाल केल्यावर कळलं.)

म्हणून नव्यांना माझा सल्ला: एखादा असा छंद ठेवा ज्यात आठवड्याच्या आत काहीतरी पुरं होतं. आणि तो तुमच्या विषयापासून लांब असावा, असं लोक म्हणतात त्याकडे फार लक्ष देऊ नका. माझा छंद विषयाच्या इतका जवळ आहे की कधी कधी तासाचं सामान तिथूनच येतं. पोलादी दांडीचा लंबक दर अंश सेल्सियसला दिवसाकाठी सुमारे अर्धा सेकंद मागे पडतो, कारण उष्णतेने दांडी किंचित लांबते. दहा अंशांनी पारा चढला की पाच सेकंद. हे पुस्तकातलं उदाहरण म्हणून सांगितलं तर मुलं जांभया देतात. "माझं घड्याळ परवापासून मागे पडतंय, का ते सांगा" म्हटलं तर भांडतात. क्रिस्टियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने 1656 साली पहिलं लंबकाचं घड्याळ बनवलं. पुढे 1665 मध्ये आजारी पडून खोलीत अडकलेला असताना त्याच्या लक्षात आलं, की एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एका लयीत येतात, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. ती गोष्ट मी दरवर्षी सांगते. फक्त हे सांगत नाही, की माझ्या घरातल्या चार घड्याळांना अशी सहानुभूती कधीच वाटलेली नाही. आमच्याकडे बारा वाजायला चार मिनिटं लागतात. नवऱ्याचं म्हणणं, त्याचे कधीच वाजलेत.

उपस्थितीबद्दल थोडक्यात. वर्ग रिकामा दिसला की नव्या माणसाला ते जिव्हारी लागतं. न्यूटन 1669 पासून केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक होता, आणि त्याच्या लेखनिकाने लिहून ठेवलंय की ऐकायला इतके थोडे लोक यायचे, की पुष्कळदा तो भिंतींसमोरच वाचल्यासारखा वाचून परत जायचा. तेव्हा सात मुलं आली तर सात जणांना नीट शिकवा. मात्र रिकाम्या वर्गावरून आपण न्यूटन आहोत असा निष्कर्ष काढू नका. काढलेला मी पाहिलाय.

उत्तरपत्रिकांवर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण या कामाचं प्रशिक्षण कोणी देत नाही आणि आयुष्याचा मोठा भाग त्यात जातो. एकेक पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासू नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग गठ्ठा उलटसुलट करून सगळ्यांचा दुसरा. नाहीतर पहिल्या उत्तराची छाप पुढच्या सगळ्यांवर पडते, आणि गठ्ठ्यात तळाशी असलेल्या मुलाला कायम तुमचा थकवा मिळतो. पहिले पाच पेपर शेवटी पुन्हा बघा. सुरुवातीला आपण एकतर फार उदार असतो नाहीतर फार कडक, माझ्या बाबतीत कडक. पोट रिकामं असताना तपासू नका. शेरे मारताना, पेपर परत मिळाल्यावर तो मुलगा तुमच्यासमोर उभा असेल असं समजा. पहिल्या वर्षी मी एका उत्तराशेजारी "हास्यास्पद" असं लिहिलं होतं. ते पोर पुढचं पूर्ण सत्र माझ्याकडे न बघता समोरून जात असे. आता मी "इथे काय म्हणायचं होतं?" असं लिहिते. तेवढंच टोचतं, पण त्याला उत्तर देता येतं.

आणि मजेशीर उत्तरं वेगळ्या वहीत उतरवून ठेवा, नावं न लिहिता. माझ्या वहीतलं सर्वात लाडकं उत्तर असं: "गोळ्याचं वस्तुमान वाढवलं तर लंबक लवकर दमतो." प्रश्न आवर्तकालाचा होता, तो वस्तुमानावर अवलंबून नसतो, मी शून्य दिलं. वर्षभराने एक हलका आणि एक जड गोळा हातात घेऊन बसले असताना लक्षात आलं, की दमण्याचा मुद्दा खोटा नव्हता, फक्त उलटा होता. आकार सारखा असेल तर हवेचा विरोध दोघांना जवळपास सारखाच होतो, पण हलक्या गोळ्यापाशी साठवलेली ऊर्जा कमी, म्हणून तो आधी दमतो. म्हणजे मुलीने न विचारलेल्या चांगल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं होतं. याला किती गुण द्यायचे हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

गुणांवरून भविष्य सांगायला जाऊ नका, हे सांगायला भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गइतकं चांगलं उदाहरण नाही. 1923 साली म्युनिकमध्ये डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेबद्दल (अगदी जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याच्या क्षमतेबद्दल) विचारलं. त्याला सांगता आलं नाही. बॅटरी कशी चालते, तेही नाही. वीन त्याला नापासच करणार होते, मार्गदर्शक आर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्या गुणांमुळे तो कसाबसा पार झाला. चार वर्षांनी त्याने अनिश्चिततेचं तत्त्व मांडलं (कणाची जागा आणि संवेग एकाच वेळी हवे तितके अचूक कळू शकत नाहीत, हे ते), समजावायला उदाहरण घेतलं सूक्ष्मदर्शकाचंच, आणि त्यातली चूक नील्स बोर यांना दाखवून द्यावी लागली! खुद्द झोमरफेल्ड यांचं नाव नोबेलसाठी ऐंशीहून अधिक वेळा सुचवलं गेलं, पारितोषिक कधी मिळालं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हायझेनबर्ग, पाउली, डिबाय आणि बेथे या चौघांना मिळालं. पहिल्या तिघांच्या बातम्या वाचताना झोमरफेल्ड यांना काय वाटलं असेल (बेथेंच्या वेळी ते हयात नव्हते), याचा मी कधी कधी विचार करते. विशेषतः विभागातल्या बढत्यांची यादी लागते त्या दिवशी.

माझ्या माजी विद्यार्थ्यांत नोबेल अजून कोणाला नाही. एक जण ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करतो. मला तिथे एक व्याख्यान मुद्रित करायचं होतं. काचेपलीकडून आवाज आला, "मॅडम, दोन बोटं मागे. आणि जरा श्वास घ्या, तुम्ही पहिल्यापासूनच घाईत बोलता." माझ्या विषयात दोनदा नापास झालेला मुलगा. काम झाल्यावर म्हणाला, "तुमचं एक वाक्य मी कधी विसरलो नाही: मोजायच्या आधी अंदाज बांधा, नाहीतर यंत्र खोटं बोललेलं कळणार नाही." वाक्य उत्तम आहे. अडचण एवढीच, की ते माझं नाही. ते रसायनशास्त्राच्या आमच्या एका सरांचं, ते शेजारच्या वर्गात इतक्या मोठ्याने म्हणायचे की भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मी क्षणभर घुटमळले आणि "हो, असं म्हणायचे खरी मी" असं बोलून मोकळी झाले. माझं एखादं वाक्य त्या सरांच्या नावावर कुठेतरी फिरत असेल, अशी समजूत करून घेतली. विद्यार्थ्यांना काय आठवेल याची काळजी करत बसू नका. कोणाचं आठवेल याचीही खात्री नाही.

नावांचं मात्र मनावर घ्या. मी पहिल्या आठवड्यात बैठकीचा आराखडा काढते आणि नावं पाठ करते, कविता पाठ केल्यासारखी. एकदा एका मुलाला सबंध सत्रभर शेजाऱ्याच्या नावाने हाक मारली, आणि तो सौजन्याने ओ देत राहिला. शेजारी खूश होता, त्याला एकदाही प्रश्न आला नाही.

आणखी एक व्यवहारी सवय: सत्र संपलं की ज्यांनी लक्षात राहील असं काही केलं त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवा. प्रयोग तीनदा फसल्यावर चौथ्यांदा तार बदलून बघितली, असं काहीतरी. शिफारसपत्र मागायला मुलं तीन वर्षांनी येतात, परवा मुदत संपत असते, आणि "मेहनती व होतकरू" एवढंच आठवत असेल तर ते पत्र कोणाच्याही नावावर खपतं.

आता ते वाकडं घड्याळ. लंबकाच्या घड्याळाचं टिक आणि टॉक सारख्या अंतराने पडावं लागतं. ते नसेल तर घड्याळ लंगडतं आणि थोड्या वेळाने थांबतं. लंबकाला झोका देणारा आतला धातूचा आकडा वाकवून ते सुधारता येतं, पण या घड्याळाचा आकडा इतका जुना आहे की मला हात लावायचं धाडस होत नाही. म्हणून मी पेटीच तिरकी टांगली. तशी ती बिनचूक चालते. पण घरी येणारा प्रत्येक माजी विद्यार्थी बोलता बोलता उठतो आणि मोठ्या आदराने ते सरळ करून ठेवतो. मी काही बोलत नाही. पाहुणे गेले की पुन्हा तिरकं करते.

गेल्या महिन्यात लंबक दमवणारी ती मुलगी आली होती. आता ती स्वतः शिकवते, पहिलंच वर्ष. वर्गात प्रश्न विचारला की कोणी बोलतच नाही, अशी तक्रार घेऊन आली होती. सांगता सांगता उठली आणि घड्याळ सरळ केलं. टिक... टॉक-टिक... टॉक-टिक. ती बोलत होती, मी ऐकत होते, तिचंही आणि घड्याळाचंही. काही मिनिटांनी घड्याळ थांबलं आणि तीही वाक्याच्या मध्येच थांबली.

मी मनात झोके मोजले. एक, दोन, तीन. तिने वर पाहिलं, उठली, पेटीला कान लावला, लंबकाला बोटाने हलकेच ढकललं आणि घड्याळ थोडं थोडं उजवीकडे झुकवत राहिली. "अजून?" तिने विचारलं. मी गप्पच होते.