दख्खनच्या कातळातील स्टिल्बाइट कसे ओळखावे

स्टिल्बाइट हे झिओलाइट गटातील (अॅल्युमिनियम व सिलिका यांच्या पोकळ सांगाड्यात पाणी धरणारे) खनिज पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींत आढळते. ते ओळखताना रंगावर विसंबू नये, कारण ते पांढरे, गुलाबी किंवा फिकट नारिंगी असू शकते आणि हेच रंग त्याच्या शेजारच्या खनिजांतही दिसतात.

प्रथम खडक पाहावा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे कोमट ते उष्ण पाणी खडकातून झिरपताना त्याने खडकातील काचमय भाग व फेल्डस्पार हे खनिज यांतून कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून घेतले, आणि त्यांतूनच पोकळीच्या भिंतीवर स्फटिक वाढले. त्यामुळे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या सच्छिद्र खडकात शोध घ्यावा. एकसंध काळ्या पाषाणात वेळ घालवू नये. खाणीत जाण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, आणि सुटलेल्या कड्याखाली उभे राहू नये.

नमुना हाती आल्यावर भिंगातून आकार पाहावा. स्टिल्बाइटचे पातळ स्फटिक मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुलारलेले असतात, आणि सपाट पृष्ठावर मोत्याची चमक दिसते. ह्यूलंडाइट या दुसऱ्या झिओलाइटलाही तशीच चमक असते, मात्र त्याचे स्फटिक मध्ये रुंद व टोकांकडे निमुळते असतात. नवख्या संग्राहकाची गल्लत बहुधा इथेच होते. स्कोलेसाइट हे झिओलाइट सुयांच्या झुबक्यात वाढते. अॅपोफिलाइट हे खनिज मात्र सोबत सापडले तरी अॅल्युमिनियमअभावी झिओलाइट ठरत नाही.

स्टिल्बाइटची कठिणता मोह्जच्या 1 ते 10 या मापनश्रेणीत 3.5 ते 4 असल्याने चाकूने त्यावर ओरखडा उठतो, तर गारगोटीवर उठत नाही. नमुना कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) असल्याची शंका असल्यास एखाद्या तुटक्या कणावरच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. जोरात बुडबुडे आले तर तो कॅल्साइट समजावा. चांगला नमुना आम्लाने धुऊ नये, कारण झिओलाइटचेही नुकसान होते. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरेसे असते.

झिओलाइटच्या सांगाड्यातील पोकळ वाटांत पाणी असते व ते तापवल्यावर निघून जाते. 1756 मध्ये स्वीडनच्या अक्सेल क्रोनस्टेट यांनी असे खनिज तापवताना ते फसफसलेले पाहिले होते. म्हणून नमुने उन्हात किंवा दिव्याखाली ठेवू नयेत. त्यांत लॉमोंटाइट हे झिओलाइट असेल तर अधिकच जपावे, कारण कोरड्या हवेतही पाणी गमावून त्याचा भुगा होतो.