पुढचा भाग आपोआप सुरू होऊ देऊ नका

यूट्यूब किंवा नेटफ्लिक्सवर मालिका पाहत असलेल्या मुलाला ‘दहा मिनिटांत बंद कर’ असे सांगितल्यावर ते चिडते, कारण ती दहा मिनिटे बहुधा गोष्टीच्या ऐन मध्यावर संपतात. आणि भाग संपेपर्यंत थांबावे, तर पाच-सात सेकंदांत पुढचा भाग आपणहून सुरू झालेला असतो. म्हणून आधी हा आपोआप चालणारा क्रम तोडावा.

१. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना पडद्यावर एकदा बोट टेकवले की वरच्या बाजूला ‘ऑटोप्ले’ची छोटी कळ दिसते, ती बंद करावी. संगणकावर हीच कळ व्हिडिओच्या खालच्या पट्टीत असते.

२. नेटफ्लिक्सवर मुलाच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढील भाग आपोआप सुरू करण्याच्या पर्यायावरची खूण काढावी. प्रत्येक प्रोफाइलसाठी हे वेगळे करावे लागते, आणि नेमके इथेच बहुतेकांचे राहून जाते.

३. यापुढे मिनिटे न मोजता भाग मोजावेत. ‘आज दोन भाग’ असे पाहणे सुरू होण्यापूर्वीच ठरवावे आणि दुसरा भाग संपताना शेजारी जाऊन बसावे. पडदा थांबलेला असतो, शेवटी काय झाले यावर दोन वाक्ये बोलली जातात आणि रिमोट हातातून हिसकावून घेण्याची वेळ सहसा येत नाही.

शॉर्ट्स आणि रील्स यांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तिथे बोट सरकवले की पुढचे हजर, त्यामुळे भाग मोजण्यात अर्थ नाही. लहान मुलांच्या हाती ते देऊच नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.