ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला हेल्पर एअर बॅग: बसवणं, हवा भरणं आणि हिचचं गणित

ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते आणि नाक वर करते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातो आणि मागचा अॅक्सल खड्ड्यात बंप स्टॉपवर (चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर) धाडकन आपटतो. यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे हेल्पर एअर बॅग. चासी आणि मागचा अॅक्सल यांच्यामध्ये, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जोडीला बसवलेले दोन रबरी फुगे. (स्टीअरिंगमधून उघडणाऱ्या एअर बॅगशी यांचा संबंध फक्त नावापुरता.) मूळ पाटे जागेवरच राहतात. ओझं वाढलं की हवा वाढवायची, उतरलं की सोडायची.

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एअर बॅग गाडी सपाट करते, भार मात्र कमी करत नाही आणि पुढेही सरकवत नाही. चासी उचलली गेली तरी मागच्या टायरखाली तेवढेच किलो असतात. त्यामुळे गाडीच्या पाटीवरची एकूण वजनाची मर्यादा, मागच्या अॅक्सलची मर्यादा आणि ओढण्याची क्षमता यांपैकी काहीच वाढत नाही. खोक्यावर "५००० पौंड" छापलेलं असतं, ती फुग्यांची ताकद आहे, तुमच्या गाडीची नाही.

आधी वजन, मग पाना

हिच म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा. त्याच्या बॉलवर येणारा उभा भार, म्हणजे टंग वेट, साध्या बॉल हिचच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. फिफ्थ व्हीलला (पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या जोडणीला) तो १५ ते २५ टक्के असतो, पण तिथे भार अॅक्सलच्या जवळपास डोक्यावरच पडतो. बॉल हिचमध्ये तो अॅक्सलच्या मागे लटकतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

समजा टंग वेट ४०० किलो, ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) ३.६ मीटर आणि बॉल मागच्या अॅक्सलपासून १.२ मीटर मागे. मागचा अॅक्सल टेकू झाला आणि पुढची चाकं ४०० × १.२ ÷ ३.६, म्हणजे साधारण १३३ किलोंनी हलकी झाली. ते १३३ किलोही मागेच आले, म्हणून मागच्या अॅक्सलवर ५३३ किलो वाढले. आता फुग्यात हवा भरून मागची बाजू कितीही उचला, पुढचे १३३ किलो परत येत नाहीत. गाडी दिसायला ठाकठीक, पण स्टीअरिंग हलकं आणि ओल्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकची पकड कमी.

पुढचा भार परत आणायचा एकच मार्ग, वेट डिस्ट्रिब्युशन हिच. तिचे ताणलेले बार ट्रक आणि ट्रेलर यांच्यातला सांधा आवळून धरतात. त्यामुळे भाराचा काही हिस्सा पुढच्या अॅक्सलवर आणि काही ट्रेलरच्या अॅक्सलवर जातो. भारी ट्रेलरला आधी ही हिच, आणि उरलेली बसकण काढायला एअर बॅग. हा क्रम उलटा करणारे खूप दिसतात.

ट्रेलर शेपटासारखा डोलत असेल तर त्यावरही एअर बॅग हे औषध नाही. बहुतेक वेळा ट्रेलरमधलं सामान फार मागे रचलेलं असतं आणि टंग वेट कमी पडतं. सामान पुढे घ्या.

किटमध्ये काय असतं, काय पाहावं

पाट्याच्या गाडीला दोन वळ्यांचे फुगे, वरचे-खालचे ब्रॅकेट, यू बोल्ट, पाव इंची नायलॉन हवानळी, दाबून बसणारे फिटिंग, टायरच्या ट्यूबला असतात तसे दोन व्हॉल्व्ह आणि सायलेन्सरच्या बाजूसाठी उष्णतारोधक पत्रा असतो. अशा किटची हवेची मर्यादा सहसा ५ ते १०० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं एकक). मागे कॉइल स्प्रिंग असेल तर कॉइलच्या आत बसणारे नळकांडे मिळतात. त्यांची कमाल मर्यादा फक्त ३५ पीएसआय असते, तिथे १०० चा हिशेब लावला तर फुगा फुटेल. फुग्याच्या आत रबरी बंप स्टॉप असलेला प्रकार थोडा महाग पडतो, पण हवा अचानक गेली तरी रबर चिरडत नाही. परवडत असेल तर तोच घ्यावा.

दोन्ही फुग्यांना स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवा. टी जोडून एकच नळी केली तर वळणावर दाबल्या जाणाऱ्या बाजूची हवा दुसऱ्या फुग्यात पळते आणि गाडी आणखी कलते. स्वतंत्र नळ्यांमुळे एका बाजूला जड सामान असेल तर तिथे ५ पीएसआय जास्त भरून गाडी सरळही करता येते.

बसवताना

सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चासीखाली स्टँड. अॅक्सलला वेगळा जॅक लावा, म्हणजे तो हवा तसा वर-खाली करता येतो. मूळ बंप स्टॉप सहसा काढावे लागतात. जपून ठेवा, किट कधी काढलं तर ते परत लागतील.

फुगा रिकामा, दाबलेल्या अवस्थेतच ब्रॅकेटला जोडून आत सरकवा. सगळे बोल्ट हाताने घ्या, ब्रॅकेट सैल ठेवा आणि अॅक्सल नेहमीच्या उंचीवर आणून मगच वरची-खालची पट्टी समांतर व एका रेषेत आहे का ते बघा. तिरका बसलेला फुगा एका बाजूने घासत राहतो. रेष जुळल्यावर टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. फुगलेल्या अवस्थेत चहूबाजूंनी किमान १२-१३ मिमी मोकळी जागा हवी.

खालच्या ब्रॅकेटचा यू बोल्ट ब्रेकच्या नळीवर येतो का, हे बोटाने चाचपून बघा. नळी ब्रॅकेटखाली दबली तर लगेच गळत नाही, काही महिन्यांनी गळते.

नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कात्री किंवा पक्कड वापरली तर टोक चपटं होतं, आणि नव्या किटमधली बहुतेक गळती इथेच सापडते. फिटिंगमध्ये नळी सुमारे १४ मिमी आत जाते. तेवढ्यावर खूण करा, खुणेपर्यंत दाबा आणि ओढून बघा. आट्यांना आधीच सीलंट लावलेलं असेल तर वरून टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नळी सायलेन्सरपासून १५ सेमी लांब ठेवा. जमत नसेल तर मध्ये पत्रा हवाच. अॅक्सल खाली लटकतो तेव्हा नळी ताणली जाऊ नये इतका ढिलेपणाही ठेवा. व्हॉल्व्हसाठी ८ मिमीचं भोक लागतं. ते नंबर प्लेटजवळ पाडा, चिखलात गुडघे टेकून हवा भरायचा कंटाळा आला की माणूस हवा भरत नाही.

काही गाड्यांत मागच्या अॅक्सलला दांडी जोडलेला लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चासी किती खाली बसली यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. फुग्याने गाडी उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. ओझं मात्र तेवढंच. असा व्हॉल्व्ह असेल तर तो जुळवून घेतल्याशिवाय ट्रेलर ओढू नका. कारखान्यातूनच आपोआप उंची सांभाळणारं सस्पेन्शन आलेलं असेल तर वरून हेल्पर बॅग लावायच्या फंदातच पडू नये.

शेवटी दोन्हीकडे ३० पीएसआय भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. रात्रभर ठेवा. २ ते ४ पीएसआय उतरणं चालेल. ५ च्या वर उतरलं तर कुठेतरी गळतंय. ८०० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

किती हवा?

आकडा कुणाला विचारून मिळत नाही, तो टेपने मोजावा लागतो. गाडी सपाट जागी, टाकी भरलेली, नेहमीचं सामान आणि माणसं आत, फुग्यात किमान ५ पीएसआय. मग:

१. चारही मडगार्डच्या कमानीची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा.

२. ट्रेलर जोडा, ट्रेलरचा जॅक पूर्ण वर घ्या, हिचचे बार न लावता पुन्हा मोजा. पुढे किती वर गेलं, मागे किती बसलं ते कळेल.

३. बार लावा आणि पुढची उंची परत खाली आणा. किती खाली, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. काही कंपन्या वाढलेल्या उंचीच्या निम्म्यापर्यंत सांगतात, काही पूर्ण.

४. आता मागे उरलेली बसकण काढायला दोन्हीकडे ५-५ पीएसआयच्या टप्प्याने हवा भरा. मागची बाजू रिकाम्या गाडीपेक्षा थोडी खालीच राहू द्या.

५. पुढची उंची पुन्हा मोजा.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात. मागचं टोक हवेने उचललं की ट्रक-ट्रेलरमधला कोन बदलतो आणि बारांचा ताण सैल पडतो, म्हणजे हिचने पुढे नेलेला भार पुन्हा मागे येतो. पुढची कमान वर सरकली असेल तर हवा कमी करा किंवा बार आणखी ताणा. काही किटवाले आधी हवा आणि मग बार असं सांगतात. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर तसं करा, पण शेवटचं माप पुढच्या मडगार्डचंच घ्या. जमलं तर वजनकाट्यावर प्रत्येक अॅक्सल वेगळा तोलून खात्री करा.

ढोबळ अंदाज हवाच असेल तर ५००० पौंडांची जोडी १०० पीएसआयला, म्हणजे कागदावर जोडीमागे १ पीएसआयला साधारण २३ किलो. प्रत्यक्षात फुग्याच्या उंचीप्रमाणे हे बदलतं. पण किरकोळ ट्रेलरला ६०-७० पीएसआय लागत असतील तर पाटे थकलेत, किंवा टंग वेट तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट आहे.

फुग्यात हवा जेमतेम काही लिटर मावते. टायरवाल्याच्या मोठ्या कॉम्प्रेसरने भरलं तर काटा डोळ्यादेखत मर्यादेपलीकडे जातो. पायपंप किंवा छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर पुरे. गेज लावताना-काढतानाही काही पीएसआय निसटतात, म्हणून उगीच दर तासाला तपासू नका. सकाळी, गाडी थंड असताना एकदा बघा. ५० पीएसआयच्या आसपास तापमान १० अंशांनी उतरलं तर दाब साधारण २ पीएसआयने उतरतो. त्याला गळती समजू नका. मागच्या टायरची हवा भारासाठी दिलेल्या आकड्यावर आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

ट्रेलर सोडल्यावर

हवा पुन्हा ५-१० पीएसआयवर आणा. रिकाम्या गाडीत ५० ठेवलं तर मागची बाजू उंटासारखी वर राहते, उसळते आणि शॉकअप पूर्ण ताणलेल्या अवस्थेत हबके खातात. शून्यावरही ठेवू नका. रबराची घडी दोन पट्ट्यांत चिमटली जाते आणि एका खडबडीत फेरीत चीर पडते. पंक्चरसाठी चासीला जॅक लावला तर अॅक्सल लटकून फुगा ताणला जातो, म्हणून जॅक अॅक्सलखालीच.

चासीकडे अधूनमधून बॅटरी मारून बघा. पाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या टोकाला, दोन ठिकाणी चासीवर टाकतो. फुगा तो मधोमध, अॅक्सलच्या डोक्यावर ढकलतो. त्यात मागे जड टंग लटकलेलं आणि रस्ता खराब, की नेमक्या त्या जागी चासी वाकवणारा जोर वाढतो. जास्त दाब ठेवून, जास्त ओझ्याने, खड्ड्यांतून वेगात नेलेल्या पिकअपच्या चासी तिथेच वाकतात. वरच्या ब्रॅकेटभोवती रंग तडकलेला किंवा बारीक भेग दिसली तर ट्रेलर जोडू नका.

गाडीत एक मीटर हवानळी, दोन सरळ जोड, एक ब्लेड आणि दोन-चार व्हॉल्व्हच्या पिना ठेवा. वाटेत नळी कापली गेली तर खराब तुकडा काढून जोड टाकला की काम झालं. फुगाच फाटला तर दुसऱ्या बाजूची हवा ५ वर आणा, नाहीतर गाडी एका अंगाला कलंडलेली चालेल. मग हिचचे बार तपासा, ट्रेलरमधलं जड सामान त्याच्या अॅक्सलजवळ सरकवा, पण टंग वेट १० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. आणि पुढच्या थांब्यापर्यंत हळू चालवा.