एकच आवाज, तीन तबकड्या: शनाया ट्वेनचा ‘अप!’ कसा ऐकावा

कंट्री संगीतातली (म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीतली) गायिका पॉपकडे वळते तेव्हा नेमके काय बदलते, हे स्वतःच्या कानाने ओळखायचे असेल, तर कॅनडाच्या शनाया ट्वेन यांच्या ‘अप!’ या अल्बमसारखे दुसरे साधन मला माहीत नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये १९ गाणी आहेत आणि ती तीन निरनिराळ्या वाद्यमेळांत बांधलेली आहेत: लाल तबकडीवर पॉप, हिरवीवर कंट्री आणि निळीवर भारतीय वळणाची. उत्तर अमेरिकेत लाल आणि हिरवी तबकडी एकत्र विकली गेली, तर इतर देशांत लाल आणि निळी. चाल, शब्द आणि गायन जवळपास तेच राहिल्यामुळे भोवतालचे बदल स्वच्छ ऐकू येतात.

सुरुवात हिरव्या तबकडीने करावी. सगळी गाणी एका बैठकीत ऐकण्याचा मोह टाळून ‘फॉरएव्हर अँड फॉर ऑलवेज’ हे संथ गाणे निवडावे आणि शक्यतो हेडफोन लावून ऐकावे. पहिल्या वेळी फक्त शब्दांकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या वेळी मात्र गायिका थांबते तिथे कान लावावा, कारण आपल्या भावगीतात दोन ओळींमधली जागा बासरी किंवा व्हायोलिन भरते, तसेच कंट्रीमध्ये हे काम बहुधा फिडल आणि स्टील गिटार करतात. फिडल म्हणजे व्हायोलिनच. फरक असतो तो वाजवण्याच्या ढंगात.

स्टील गिटारपाशी थोडे अधिक रेंगाळावे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून आपल्या ओळखीच्या झालेल्या हवाईयन गिटारचेच हे पुढचे रूप आहे. वादक एका हाताने तारांवरून धातूची कांडी सरकवतो आणि त्याच वेळी पायाखालच्या पट्ट्या व गुडघ्याशी असलेले दांडे दाबून निवडक तारांचा स्वर चढवतो किंवा उतरवतो. त्यामुळे एक स्वर जागीच टिकून राहतो आणि त्याच्या शेजारचा हळूच घसरत त्याला येऊन मिळतो. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ही घसरण ओळखायला वेळ लागत नाही, आणि कंट्रीतला सगळा हळवेपणा तिच्यातच साठलेला आहे असे मला वाटते.

आता तेच गाणे लाल तबकडीवर लावावे आणि त्याच रिकाम्या जागा शोधाव्यात. तिथे आता कोणते वाद्य आहे आणि ड्रमचा ठोका किती पुढे आला आहे, हे कागदावर टिपून ठेवावे. नुसते मनात ठेवले तर दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून जातात.

यानंतर ध्रुवपद दोन्ही तबकड्यांवर पाठोपाठ ऐकावे. मागे एकावर एक रचलेले आवाज दोन्हीकडे आढळतील. ही निर्माते रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग यांची खूण आहे. ते शनाया यांचे त्या वेळचे पती आणि सहगीतकार होते, आणि त्याआधी एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ व डेफ लेपर्डचा ‘हिस्टेरिया’ हे रॉक अल्बम त्यांनीच घडवले होते. फिडल काढून सिंथेसायझर ठेवला म्हणजे पॉप झाले, असा समज इथे गळून पडतो, कारण एका दमात तोंडात बसणारे ध्रुवपद रचनेतच असते आणि हिरव्या तबकडीवरही ते लपत नाही.

हे उमगले की १९९७ च्या ‘कम ऑन ओव्हर’कडे मागे जावे. जगभरात चार कोटींच्या आसपास प्रती खपलेल्या त्या अल्बमची परदेशांसाठी वेगळी आवृत्ती काढताना कंट्रीची वाद्ये सौम्य केली होती, म्हणजे ‘अप!’मधला प्रयोग तिथेच सुरू झाला होता. त्यातल्या ‘यू आर स्टिल द वन’ला कंट्री विभागातील दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. हे संगीत कंट्री नव्हेच, हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही.

निळी तबकडी शेवटी ऐकावी. तिची बांधणी इंग्लंडमधल्या सायमन आणि डायमंड या दुग्गल बंधूंनी केली आहे. तिच्यातले ताल आपल्या इतके सरावाचे आहेत की ती आधी लावली, तर लक्ष ठेक्यावरच खिळते आणि गायिकेचा आवाज निसटून जातो.