चालुक्यांचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील आपली मुले सहलीहून परतल्यावर बदामीच्या चालुक्यांवर निबंध लिहितात, वक्तृत्व स्पर्धेत बोलतात. त्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच त्या लेखनातील टाळता येण्याजोग्या चुका मनाला लागतात.

सर्वांत मोठी चूक आजचा सीमाप्रश्न सातव्या शतकावर लादण्याची. ऐहोळे येथील मेगुती जिनालयावरील रविकीर्तीच्या संस्कृत प्रशस्तीत चालुक्य राजा दुसरा पुलकेशी 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा (महाराष्ट्र नावाच्या तीन विभागांचा) अधिपती झाल्याचे म्हटले आहे, आणि हे वाक्य आपल्याकडे हमखास सांगितले जाते. परंतु त्याच घराण्यातील मंगलेशाचा कन्नड लेख बदामीच्या तिसऱ्या लेण्यात आहे, आणि चालुक्यांचा पाडाव करणाऱ्या राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाच्या सामानगड ताम्रपटात चालुक्यांच्या सैन्याला ‘कार्णाटक’ म्हटले आहे, हे फारसे कोणी लिहीत नाही. सामानगड तर गडहिंग्लज तालुक्यात, आपल्या उंबऱ्याशीच आहे. सोयीचा तेवढा पुरावा उचलणे हा माझ्या मते इतिहासावरचा अन्याय आहे; ही तिन्ही साधने शेजारी शेजारी मांडली, तरच त्या राज्याचा खरा विस्तार ध्यानात येतो.

ऱ्हासाविषयीही घाई होते. 642 च्या सुमारास कांचीच्या पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी (म्हणजेच बदामी) जिंकली आणि साम्राज्य संपले, असे लिहून मुले मोकळी होतात. प्रत्यक्षात पहिल्या विक्रमादित्याने सुमारे 655 पर्यंत राज्य पुन्हा उभे केले. पुढे दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली, पण ती लुटली नाही, उलट तेथील कैलासनाथ मंदिराचे धन परत केल्याचा कन्नड लेख त्याच मंदिरात कोरविला. त्याच्या लोकमहादेवी आणि त्रैलोक्यमहादेवी या राण्यांनी पट्टदकल येथे अनुक्रमे विरूपाक्ष आणि मल्लिकार्जुन ही मंदिरे उभारली. 753 च्या सुमारास या सत्तेचा शेवट केला तो पल्लवांनी नव्हे, तर चालुक्यांचाच मांडलिक असलेल्या दंतिदुर्गाने.

सनावळी जुळत नसेल, तर प्रथम शक आणि इसवी सन यांची गल्लत झाली आहे का, ते पाहावे. शकात 78 मिळवावेत, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 79. पहिल्या पुलकेशीच्या बदामी येथील शिलालेखातील शक 465 म्हणजे इ.स. 543, आणि ऐहोळे प्रशस्तीचा शक 556 म्हणजे इ.स. 634-35. लेखात सहाव्या विक्रमादित्याचा दरबारी कवी बिल्हण किंवा त्या राजाने 1076 मध्ये सुरू केलेली चालुक्य विक्रम शक ही कालगणना आली असेल, तर तो मजकूर कल्याणीच्या चालुक्यांचा आहे, ज्यांची सत्ता दुसऱ्या तैलपाने 973 मध्ये स्थापन केली. आंध्रातील वेंगीची चालुक्य शाखा आणखी वेगळी.

आपल्याजवळची एक चूक खानापूर तालुक्यातील हलशीची. तेथील भूवराह नरसिंह मंदिर चालुक्यांचे म्हणून सर्रास दाखवले जाते. वास्तविक ते गोव्याच्या कदंबांचे, बाराव्या शतकातील आहे. त्याआधी कित्येक शतके हेच गाव पलाशिका या नावाने बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी होते, आणि त्या कदंबांना नमवूनच चालुक्यांचा उदय झाला. म्हणून हलशीवर लिहिताना पलाशिकेच्या ताम्रपटांपासून आरंभ करावा आणि बदामीकडे त्यानंतर वळावे.